कोपरा फाटलेली पत्रिका

लग्न ठरल्यावर मी ह्यांना एकच पत्र लिहिलं. ते दुरुस्त होऊन परत आलं.

मी मंठ्याजवळच्या एका खेड्यातली. साखरपुडा झाल्यावर मैत्रिणींनी हात धुऊन मागं लागून मला ते पत्र लिहायला लावलं होतं, आणि मी लाजत लाजत दीड पान लिहिलं होतं. उत्तराचा जाड लिफाफा आला तेव्हा सगळ्या जणी माझ्याभोवती जमल्या. आत माझंच पत्र होतं. त्यावर लाल शाईनं वेलांट्या आणि उकार सुधारलेले, आणि खाली एक ओळ, की भाव उत्तम आहे, ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष द्यावे. मैत्रिणी हसून हसून लोळल्या. मी आईला सांगितलं, मला हे स्थळ नको. आई म्हणाली, दारू पीत न्हाई, तंबाखू खात न्हाई, वेलांट्या काढतो तर काढू दे. आईच्या त्या हिशेबावर मी जालन्यात येऊन इतकी वर्षं संसार केला.

आमचे हे सरकारी नोकरीत होते. त्यांच्या टेबलावर आलेला अर्ज आधी शुद्ध व्हायचा आणि मग मंजूर किंवा नामंजूर व्हायचा. नामंजूर झालेला माणूससुद्धा निदान शुद्ध अर्ज घेऊन घरी जायचा. निवृत्त झाल्यावर टेबल गेलं, तेव्हा मला वाटलं की आता हे प्रकरण थंड होईल. झालं उलटंच. टेबल गेलं आणि अख्खं गाव मोकळं सापडलं.

सकाळी मोतीबागेकडं फिरायला निघाले की वाटेतल्या पाट्या वाचत जायचे. रसवंतीवाला, औषधाचं दुकान, शाळेचा फळा, कुणी सुटलं नाही. शाळेच्या फळ्यावर मुख्याध्यापक रोज स्वतः सुविचार लिहायचे आणि आमचे हे फाटकातून आत जाऊन रोज त्यांना भेटायचे. एकदा चौकात कुणा तरुण नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, काळा चष्मा, गळ्यात सोन्याची साखळी, मागं वाघ. खाली मोबाईल नंबर होता. ह्यांनी तिथंच उभं राहून त्या नंबरवर फोन लावला आणि 'हार्दिक' कसं लिहायचं ते समजावून सांगितलं. पलीकडचा पोरगा गोंगाटात होता, त्याला वाटलं शुभेच्छाच आहेत. तो म्हणाला, धन्यवाद काका, आशीर्वाद असू द्या. ह्यांनी परत फोन लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर त्या पोरानं ह्यांचा पत्ता विचारला, तेव्हा मी फोन हातातून काढून घेतला.

कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर कहर. शेजारच्या गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ वारले. मुलानं ग्रुपवर कळवलं आणि खाली श्रद्धांजलीची रांग लागली. पहिल्यानं जोडाक्षर चुकीचं लिहिलं, बाकीच्यांनी तेच उचलून पुढं चिकटवलं. आमच्या ह्यांनी खाली दुरुस्तीचा तारा (*) टाकून फक्त बरोबर शब्द लिहिला. मृताचं नाव नाही, दुःख झाल्याचं नाही, नुसता शब्द. पुढच्या लोकांनी मग तो उचलला. संध्याकाळी मला समाधानानं म्हणाले, बघ, सुधारले की नाही. मी म्हटलं, अहो माणूस गेलाय. तर म्हणाले, हो, ते वाईटच झालं.

आमचा यावरून कायम वाद. माझं म्हणणं, लोकांच्या चुका अशा चारचौघांत काढणं उद्धटपणाचं आहे. त्यांचं म्हणणं, एखाद्याच्या पायजम्याची नाडी लोंबत असली तर तू सांगणार नाहीस का? मी म्हणायची, सांगेन, पण कानात सांगेन, ग्रुपवर टाकणार नाही. मग ते म्हणायचे की मुळात 'ग्रुप' हा शब्दच आपण का वापरावा, आणि मी उठून कुकर लावायला जायची.

अशा घरात मुलीचं लग्न निघालं.

मुलगी इथल्याच एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते. तिथंच तिला तो मुलगा भेटला. अंबड तालुक्यातल्या खेड्यातला, सालस, कामसू, आणि बाकीचंही सगळं जुळत होतं. त्याचे वडील कापूस-सोयाबीनची शेती करायचे, पण तालुक्यात त्यांची ओळख वेगळी होती. माईक. कुणाचं लग्न असो, हळद असो, गुरुजींचा निरोप समारंभ असो की पिठाच्या गिरणीचं उद्घाटन, माईक त्यांच्याच हातात. आणि पत्रिका त्यांच्याच हातच्या. आसपासच्या गावांत ज्याच्या घरी कार्य निघायचं तो आधी त्यांच्याकडं जायचा आणि मग आचाऱ्याकडं. शिक्षण म्हणाल तर बेताचंच. शब्द मात्र बदाबदा यायचे.

हे ऐकल्याबरोबर मी मुलीकडं पाहिलं आणि तिनं माझ्याकडं. तिनं वडलांना समोर बसवलं आणि सांगितलं की अक्षता पडेपर्यंत त्या घरातल्या कुणाची एकही चूक काढायची नाही. ह्यांना राग आला. म्हणाले, मला एवढं कळत नाही का? ती म्हणाली, नाही कळत. मग त्यांनी तिच्या हातावर हात ठेवून कबूल केलं.

पहिली बैठक त्यांच्या गावी झाली. व्याही ओट्यावरच उभे होते. म्हणाले, आम्ही सकाळपासून वाट बघून राह्यलो, जल्दी येतील म्हणलं तर तुम्ही भर उन्हातच आलात. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. तीच माझ्या आईची बोली, आता जालन्यातल्या कॉलनीत कानावर पडत नाही. ह्यांना मात्र खोकला आला. त्यांनी तोंड बंद ठेवायचा शब्द दिला होता, आणि आत अडलेली प्रत्येक दुरुस्ती खोकला होऊन बाहेर पडत होती. व्याही बोलायला अतिशय रसाळ, त्यामुळं खोकला थांबेना. विहीणबाई काळजीनं अडुळशाचा काढा घेऊन आल्या. हे खोकले की एक पळी. जेवायला बसेपर्यंत ह्यांच्या पोटात इतका अडुळसा गेला की पुरणपोळी कडू लागायला लागली. दोन दिवसांनी मध्यस्थाकडून हळूच चौकशी आली, की मुलीच्या वडलांना छातीचा जुना आजार वगैरे तर न्हाई ना.

तरी ठरलं. तारीख निघाली. दोन्हीकडची मिळून एकच पत्रिका काढायची आणि ती व्याह्यांनी लिहायची, हे तर न बोलताच ठरलेलं होतं. मोबाईलवर पाहिलेली पत्रिका त्यांना पत्रिका वाटत नव्हती, म्हणून छापखान्यातून कच्ची प्रत कागदावर काढून त्यांनी आमच्याकडं पाठवली. सोबत निरोप, की तुमच्याकडची नावं तेवढी भरून द्या, बाकी सगळं बराबर केलंय.

ह्यांनी चष्मा लावला. वाचली. चष्मा काढून पुसला आणि परत वाचली. मग ती टेबलावर ठेवून खुर्चीत बसून राहिले, आजारी माणसाच्या उशाशी बसतात तसे. जेवायला उठले नाहीत. मी विचारलं किती आहेत, तर त्यांनी नुसता हात हलवला.

त्यांचं खरं दुःख वेगळं होतं. पत्रिकेत निमंत्रक म्हणून खाली ह्यांचं नाव येणार होतं. ज्या जालन्यात त्यांनी रसवंतीवाल्यापासून मुख्याध्यापकांपर्यंत कुणाला सोडलं नव्हतं, त्याच जालन्यात ही पत्रिका ह्यांच्या नावानं घरोघर जाणार होती. मला हसू यायला लागलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते आवरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी ऑफिसला निघाली. हातात हेल्मेट, पायात एक चप्पल. वडलांच्या खिशाला पेन दिसलं. ती म्हणाली, "बाबा, लाल पेन नको हं." तिच्या मते या तीन-चार शब्दांत सगळं आलं. पण आमचे हे शब्दाला चिकटून चालणारे. लाल पेन नको म्हटल्यावर त्यांनी नीट विचार केला आणि असा अर्थ काढला की आक्षेप रंगाला आहे. लाल रंगानं माणूस दुखावतो, बरोबर आहे पोरीचं, आपण सौम्य रंग वापरू.

अडचण एवढीच होती, की पहाटे उठून त्यांनी उजव्या कोपऱ्यातल्या कुलदैवताच्या नावाला लाल गोल करून ठेवला होता. तो पुसता येईना. मग त्यांनी पट्टी लावली आणि तेवढा कोपरा अगदी सरळ रेषेत फाडून टाकला. राहिलेल्या पत्रिकेवर काळ्या शाईनं सगळ्या दुरुस्त्या केल्या. उद्धटपणा नको म्हणून प्रत्येक दुरुस्तीपाशी समासात 'कृपया' लिहिलं, कुठं 'क्षमस्व' लिहिलं. वरपासून खालपर्यंत कागद काळा झाला. मग आमच्याकडची नावं भरली, कागद लिफाफ्यात घातला, आणि लिफाफा न चिकटवता देणं त्यांना गबाळेपणाचं वाटतं म्हणून डिंक लावून बंद केला. मी नहाणीतून बाहेर आले तोवर व्याह्यांचे चुलतभाऊ, मोंढ्यात माल घेऊन आलेले, दारात उभे होते. लिफाफा त्यांच्या खिशात गेला. मी विचारलं, नावं भरली ना? हे म्हणाले, भरली. ते खोटं नव्हतं.

त्या दुपारी मला एका अनोळखी बाईचा फोन आला. रडत होती. म्हणाली, "ताई, लय वाईट झालं. कवा गेले?"

मी म्हटलं, कोण?

ती म्हणाली, "तेच तर विचारून राह्यले."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. ते खिडकीत बसून मीठ लावून पेरू खात होते.

मग मुलाचा फोन मुलीला आला, मुलीचा मला, आणि काय झालं ते तुकड्या-तुकड्यानं कळलं. रडणारी ती बाई व्याह्यांच्या शेजारची होती. आमच्या भागात पूर्वी कुणी वारलं की सोयऱ्यांना चिठ्ठी जायची. त्या चिठ्ठीचा कोपरा फाडलेला असायचा. कोपरा फाटका दिसला की चिठ्ठी घरात न्यायची नाही, उंबऱ्याबाहेर वाचायची, तिथंच टाकायची आणि मग आंघोळ. आता मरणाची बातमीही मोबाईलवर येते, तरुण पोरांना यातलं काही ठाऊक नाही. पण व्याह्यांच्या आई नव्वदीला टेकलेल्या, आणि लिफाफा नेमका त्यांनी ओट्यावर बसून उघडला. आजींना वाचता येत नाही. त्यांना फाटका कोपरा दिसला आणि खाली काळंच काळं दिसलं.

आजींनी हंबरडा फोडला. कोण गेलं ते कळत नसल्यामुळं त्यांनी आपल्या सोयऱ्यांतल्या एकेकाचं नाव घेऊन रडायला सुरुवात केली, आधी थोरला भाचा, मग धाकटी नणंद. शेजारपाजार धावला. जिच्या माहेरचं नाव निघायचं ती बाई मध्येच रडायला लागायची. विहीणबाईंनी चुलीवरचं उतरवून ठेवलं. कागदाला कुणी हात लावेना. आजींनी सगळ्यांना आंघोळीला पिटाळलं आणि अख्ख्या घरानं भर दुपारी डोक्यावरून पाणी घेतलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. आणि हे सगळं यथासांग झाल्यावर व्याही शेतातून आले, ओल्या अंगानं बसलेल्या घराकडं पाहिलं, तो कागद उचलला, आणि म्हणाले, ही तर आपल्याच पोराची लग्नपत्रिका आहे.

मुलगा म्हणाला, दादा, म्हणजे त्याचे वडील, तेव्हापासून तो कागद घेऊन बसलेत. एवढंच म्हणाले, की असा अपशकुन झाल्यावर हे लग्न पुढं न्यायचं का नाही, ते बघावं लागंल.

मुलगी ऑफिसातून तशीच घरी आली. मला वाटलं होतं की ती आदळआपट करेल. ती वडलांसमोर उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "बाबा, एक पत्रिका. माझी एकच पत्रिका होती." आणि खोलीत जाऊन तिनं दार लावून घेतलं. आमचे हे पेरूची बशी हातात धरून तसेच उभे. मी त्यांना कोपऱ्याची रीत सांगितली, तेव्हा ते खुर्चीत बसले. मला त्यांचा इतका संताप आला होता की मी दोन भांडी उगीचच घासली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या गावी गेलो. अंबडपर्यंत एसटी आणि पुढं जीप. ह्यांनी वाटेत एकही पाटी वाचली नाही, मान खालीच.

व्याह्यांनी या म्हटलं, पाणी दिलं, चहा सांगितला, पण स्वतः चहा घेतला नाही. एवढ्यावरून मला कळलं काय ते. ती पत्रिका त्यांच्या मांडीवर होती. आमचे हे हात जोडून म्हणाले की कोपऱ्याचं माझ्या लक्षात आलं नाही, मला माफ करा. व्याही म्हणाले, कोपरा फाटला म्हणजे फाटला, रीत ती रीत. तेवढ्यात आतून आजी आल्या. त्या आदल्या दिवशी रडून रडून ताज्यातवान्या झालेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, कागुद फाटला तर दुसरा छापा, जांबच्या देवळात जाऊन रामापुढं ठेवा, नारळ फोडा, झालं. मेलं तर कुणीच न्हाई.

म्हणजे ज्यांना रीत ठाऊक होती त्यांचं समाधान झालं होतं. तरी व्याह्यांनी मांडीवरची पत्रिका खाली ठेवली नाही. आणि मग मला दिसलं की त्यांचा अंगठा फाटक्या कोपऱ्यावर नव्हताच. तो समासातल्या काळ्या अक्षरांवरून फिरत होता. कोपरा फाटल्याचा राग माणूस चारचौघांत बोलून दाखवू शकतो, सगळे त्याच्या बाजूनं उभे राहतात. माझं लिहिणं कुणीतरी खोडलं, हे मोठ्या माणसानं कुणाला सांगायचं? मी म्हटलं, भाऊ, कोपऱ्याचं न्हाई ना ते?

व्याह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग ह्यांना म्हणाले, "साहेब, इतकी वर्षं मी लोकाच्या पत्रिका लिहून राह्यलो. लोकांनी फ्रेम करून भिंतीला लावल्या. मंग त्या सगळ्या चुकीच्याच गेल्या का?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. आमच्या ह्यांच्यावर आजवर लोक चिडले, हसले, एकानं पत्ता विचारला, पण असं कुणी विचारलं नव्हतं. मला त्या घडीला व्याह्यांची इतकी माया आली की माझ्या मुलीचं लग्न मोडतंय, हे मी क्षणभर विसरले.

हे त्या कागदाकडं बोट करून म्हणाले, "तुम्ही वाचून दाखवता का? मला ऐकायचीय."

व्याही आधी नको म्हणाले. पण ते पडले माईकवाले, फार वेळ नाही म्हणवेना. उठून उभे राहिले, कारण बसून त्यांना वाचताच येत नाही. घसा साफ केला आणि सुरुवात केली. सनई आली, चौघडा आला, चंदनाचा सुगंध आला, मंगल तोरणं आली. आवाज असा, की गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. आणि कानाला एकही चूक ऐकू येत नव्हती, कारण वेलांटी पहिली का दुसरी हे ऐकताना कुणाला कळतंय? मधे एक ओळ आली. आमच्या अंगणात लेक नव्हती, देवानं उशिरा का होईना पण दिली, ती सून म्हणून नव्हे तर लेक म्हणून उंबरा ओलांडणार आहे, तुम्ही तिला बघायला नाही आलात तर मांडव भरला असं आम्ही म्हणणार नाही.

विहीणबाईंनी पदर डोळ्याला लावला. आजींचा तर कालचा सराव होताच. मी ह्यांच्याकडं पाहिलं, तर चष्म्याच्या आत पाणी. ती ओळ ह्यांनी चार ठिकाणी दुरुस्त केली होती आणि एकदाही वाचली नव्हती.

"अशीच छापा," हे म्हणाले. "एक अक्षर हलवू नका."

"लोक तुम्हाला हसतील, साहेब. खाली नाव तुमचं."

"हसू द्या."

व्याह्यांनी तेव्हा चहा मागवला. स्वतःसाठीही आणि ह्यांच्यासाठी परत एकदा.

पत्रिका जशीच्या तशी छापून आली. पहिली जांबला रामापुढं गेली आणि बाकीच्या वाटायला आमचे हे स्वतः निघाले. मी म्हटलं, पोरांना पाठवू. नाही म्हणाले. मग जे व्हायचं तेच झालं. जालन्यातले लोक या दिवसाची वाटच बघत असावेत. औषधाच्या दुकानवाल्या भाईंनी चष्मा कपाळावर चढवून पत्रिका जवळ धरली आणि म्हणाले, साब, मला मराठी लिहिता कमी येतं, पण हे आशीर्वाद असं लिहीत नाहीत ना? त्यांच्या पाटीसाठी ह्यांनी त्यांना तीनदा रंगारी बोलावायला लावला होता. रसवंतीवाल्यानं उसाचा चरक थांबवून वाचली. कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी पत्रिकेचा फोटो टाकला आणि खाली ताऱ्यांचा पाऊस पडला. सगळे अतिशय नम्रपणे सांगत होते. हे प्रत्येकाला एकच म्हणायचे, हो, माझ्या नजरेतून सुटलं. घरी आल्यावर गार पाण्यानं तोंड धुवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुढचा गठ्ठा घेऊन निघायचे. मुलगी हे सगळं बघत होती. एका संध्याकाळी तिनं त्यांच्यासाठी पेरू कापून आणले आणि समोर बसून राहिली.

लग्न त्यांच्या गावी लागलं. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. अक्षता पडल्या, आणि मी सुटकेचा श्वास टाकते न टाकते तोच ते मुख्याध्यापक समोरून आले, ज्यांच्या फळ्यापाशी हे रोज सकाळी हजर असायचे. आता तेही निवृत्त झालेले. त्यांनी खिशातून पत्रिका काढली. चुकांखाली शिसपेन्सिलीनं रेघा मारलेल्या होत्या. शाळेत सवय झालेल्या खणखणीत आवाजात त्यांनी विचारलं, की ही पत्रिका लिहिली तरी कुणी?

आजूबाजूचे लोक वळले. व्याही माईक हातात घेऊन दोन पावलांवर उभे होते. त्यांच्या फेट्याखालचा चेहरा मी पाहिला. स्वतःच्या पोराच्या मांडवात, स्वतःच्या गावासमोर, त्या माणसाचा चेहरा पार उतरला.

"मी लिहिली," आमचे हे म्हणाले. "घाईत लिहिली. माझ्याच चुका आहेत."

मुख्याध्यापक त्यांच्याकडं बघतच राहिले. म्हणाले, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. हे म्हणाले, बरोबर आहे तुमचं. मला ते ऐकवेना. या माणसानं आयुष्यभर जी एक गोष्ट अभिमानानं मिरवली, ती त्यानं तिथं सगळ्यांच्या पायाशी ठेवून दिली होती आणि मान खाली घालून उभा होता.

तेवढ्यात माईक खरखरला.

"मंडळी," व्याही म्हणाले, "एक चूक झाली, ती दुरुस्त करून राह्यलो. आमचे हे इवाई, पोरीचे वडील, आत्ता खोटं बोलले. पत्रिका मी लिहिली. चुका बी माझ्याच, आणि त्यांनी त्या छापायच्या आधी सगळ्याच्या सगळ्या दाखवल्या होत्या. तरी ती वाचून तुम्ही इतके जण आलात की मांडव पुरंना. आता जेवून घ्या, पंगत लागलीय."

अख्खा मांडव हसत सुटला. मुख्याध्यापकही हसले. ह्यांना जन्मात पहिल्यांदा कुणीतरी हजार माणसांपुढं दुरुस्त केलं होतं. मी ह्यांच्याकडं बघत होते, की आता हा माणूस काय करतो. ह्यांनी पुढं होऊन व्याह्यांना मिठी मारली. माईक बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यामुळं दोघं मोठी माणसं हुंदके देऊन रडताना सगळ्या गावानं ऐकली, आणि पंगतीत वाढणारे वाढपीसुद्धा हातातली बादली धरून थांबले.